परक्या खुर्चीतले फोटो

आमचे हे पडदे लावतात. म्हणजे लोकांच्या घरी. आमच्या स्वतःच्या खिडकीला तारेवर टाकलेली चादर आहे, तीही मधोमध विरलेली. पण तो विषय आत्ता नको, पुढे येणारच आहे.

मी पडदे शिवते आणि हे लावतात. दुकान एकच, मालकीणबाईंचं. पुढच्या भागात कापडाचे तागे, नमुन्यांची पुस्तकं आणि गिऱ्हाइकाला बसायला गुबगुबीत बाक. मागच्या भागात एक ट्यूबलाइट, एक शिलाई मशीन आणि मी. मधे पार्टिशन आहे, पण ते वरून उघडं, आणि कडेला एक फट आहे तिच्यातून भिंतीवरचा टीव्ही दिसतो. त्यामुळे पुढे कोण काय बोललं ते मशीन थांबवलं की सगळं ऐकू येतं. मालकीणबाई म्हणतात, माझं मशीन नेमकं कुणी भांडायला आलं की थांबतं. थांबतं, थांबवते मी, त्यात काय चोरी आहे?

हे माणूस म्हणून अगदी सरळ. कुणाच्या भिंतीला भोक पाडायचं तर आधी खाली वर्तमानपत्र पसरणार, मग भोकाच्या खाली एक उघडं पाकीट चिकटवणार, म्हणजे भुगा त्यात पडेल आणि जमिनीवर कण दिसणार नाही. गिऱ्हाइकाकडे पाणीसुद्धा मागत नाहीत, बाटली घरून नेतात. लोक कामाला जाताना घराची किल्ली आमच्या दुकानात ठेवून जातात. काउंटरच्या मागे खुंट्यांची फळी आहे, तिच्यावर किल्ल्या लटकत असतात. हे किल्ली घेतात, पडदे लावतात, कुलूप घालून किल्ली परत खुंटीवर. इतक्या वर्षांत कुणाच्या घरातला चमचा इकडचा तिकडे झालेला नाही. मालकीणबाईंच्या दुकानात आहे ते कापड चार दुकानांत मिळतं. गिऱ्हाईक इथे येतं ते त्या खुंट्यांसाठी, आणि हे त्यांनाही ठाऊक आहे, मलाही. यांना तर इतकं ठाऊक आहे की कुणाची किल्ली खिशात असली की रस्त्याने चालतानासुद्धा यांचा हात खिशावर असतो.

यांची एक पद्धत आहे. पडदा लावून झाला की हे बसतात. उभ्याने पडदा बघायचा नसतो म्हणतात. उभ्याने बघतो तो लावणारा, घरातला माणूस बसून बघतो. उभ्याने सरळ दिसणारी कड बसल्यावर एका बाजूला उचललेली दिसते. म्हणून पिशवीत एक धुतलेलं पांढरं फडकं असतं, ते खुर्चीवर अंथरायचं, त्यावर टेकायचं, डोळे बारीक करून बघायचं, उठायचं, चुण्या सारख्या करायच्या, परत बसायचं. हे फडकं दर आठवड्याला मी धुते. आणि शेवटी झालेल्या कामाचा एक फोटो काढायचा. फोन आमच्या मुलीचा जुना, भारी कंपनीचा. तिने नवीन घेतला आणि हा यांना दिला. फोटो मात्र सुरेख येतात.

तर मालकीणबाईंच्या डोक्यात आलं की दुकानात भिंतीवर टीव्ही लावायचा आणि त्यावर आपण केलेल्या कामांचे फोटो फिरत ठेवायचे. गिऱ्हाइकाला कापडाचा तुकडा दाखवून काय कळतं, लावलेला पडदा दिसला पाहिजे. टीव्ही आला, लॅपटॉप दुकानात होताच. फक्त यांच्या फोनमधले फोटो लॅपटॉपमध्ये घ्यायचे. फक्त!

फोन एका कंपनीचा, लॅपटॉप दुसऱ्या कंपनीचा, आणि दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. आधी वायरच बसेना. एक टोक फोनमध्ये गेलं, दुसऱ्या टोकाला लॅपटॉपमध्ये भोकच नाही. मालकीणबाईंनी जाऊन मधे लावायचा एक तुकडा आणला. मग फोनने विचारलं, या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का? मालकीणबाईंनी मोठ्याने वाचून दाखवलं आणि हसल्या, म्हणाल्या, बघा, तुमचा फोन तुमच्यासारखाच आहे, आधी विश्वास मागतो. यांनी हो दाबलं. लॅपटॉपने बराच वेळ फोटो ओढून घेतले, पण उघडायला गेलं तर एकही उघडेना. नुसते राखाडी चौकोन. मालकीणबाईंनी भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, तो फोन फोटो आपल्या पद्धतीने साठवतो, ते या लॅपटॉपला वाचता येत नाहीत. फोनच्या सेटिंगमध्ये एक गोष्ट बदला, म्हणजे देताना तो फोटो बदलून देईल. दुकान बंद करायची वेळ झाली होती, म्हणून राहिलं.

तेव्हा हे मालकीणबाईंना म्हणाले होते, मी ऐकलं, की सगळे नकोत, कामाचेच घ्या. आणि यांची समजूत अशी की ते तसंच होणार. कारण काही फोटो यांनी फोनमध्ये वेगळ्या अल्बममध्ये ठेवले होते. यांच्या पिशवीत हुकांच्या पुड्या असतात, पितळी वेगळी, प्लास्टिकची वेगळी. पितळी हूक पितळी पुडीत टाकला की तो बाहेर राहत नाही. अल्बमचंही तसंच असेल असं यांनी गृहीत धरलं. कुणाला विचारायचं? विचारलं असतं तर त्या अल्बममध्ये काय आहे तेही सांगावं लागलं असतं. फोनमधला अल्बम ही पुडी नसते हो. फोटो सगळे एकाच ढिगात असतात, अल्बम नुसता बोट दाखवतो. हे मला नंतर मुलीने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी लायब्ररीवाल्या बाई आल्या. त्या आयुष्यभर लायब्ररीत होत्या, आता निवृत्त झाल्यात. बाहेरच्या खोलीचे पडदे आमच्याकडूनच नेले होते, आता आतल्या खोलीसाठी कापड बघायला आल्या. स्वभावाने शांत, कापड बोटांत धरून बघणाऱ्या. हेही तिथेच होते, शिडी बाहेर काढत होते. मालकीणबाईंना हुरूप आला. बसा, म्हणाल्या, तुमचीच खोली तुम्हाला टीव्हीवर दाखवते. सकाळी त्यांनी भाच्याने सांगितलेलं सेटिंग बदलून फोटो पुन्हा घेतले होते आणि उघडतात एवढंच बघून खूश होत्या. पुढचे बघितलेच नव्हते.

सुरुवातीचे फोटो छान. निळा पडदा, करडा पडदा, ऊन पडलेली खिडकी. मालकीणबाई एकेकाचं कौतुक करत होत्या, मी आत मशीनवर मान वर करून मीच शिवलेल्या चुण्या बघत होते. मग बाईंची खोली आली. मग परत बाईंची खोली आली आणि तिच्यात हे.

बाईंच्या खिडकीजवळच्या खुर्चीत, पायावर पाय टाकून, हातात बाईंच्या कपाटातलं एक पुस्तक उघडलेलं. चष्मा नाकावर, ओठांवर मंद हसू. घरधनी!

मी म्हटलं, संपलं, एकच असेल. कसला एक! पुढचा फोटो दुसऱ्याच कुणाच्या बाल्कनीत, कठड्यावर कोपर टेकवून. त्यापुढचा तिसऱ्याच स्वयंपाकघरात, फ्रिजला हात लावून, फ्रिज जणू यांनीच आणलाय. मग जेवणाच्या टेबलाच्या टोकाला. मग पलंगाच्या कडेला. मालकीणबाई लॅपटॉप थांबवायला धावल्या, घाईत काहीतरी भलतंच दाबलं, तर फोटो थांबला तो आणखी मोठा होऊन. भिंतभर यांचं तोंड. हसरं. आणि त्याच्याखाली हे स्वतः, शिडी धरून, तोंडावर रक्ताचा थेंब नाही. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. मला झालं तर यांचं काय झालं असेल, पण त्या क्षणी खरं सांगते, मी यांचा विचार केला नाही. मी एवढंच बघितलं की मी पार्टिशनच्या मागे आहे आणि कुणाला दिसत नाहीये, बरं झालं.

मालकीणबाईंनी कशीबशी वायर ओढून टीव्ही काळा केला आणि सारवासारव सुरू केली. यांची पद्धतच आहे बाई, पडदा बसून तपासायची, फडकं अंथरून बसतात, विचारा हवं तर. आणि ते काही खोटं नव्हतं. हो म्हणा, मी आतून मनातल्या मनात म्हणत होते, अहो, हो म्हणा आणि सुटा.

हे म्हणाले, "बसून बघतो ते खरं. पण हा फोटो त्याचा नाही."

बाईंनी विचारलं, "मग कशाचा?"

"ताईला पाठवला होता. तिला वाटतं, हे माझं घर आहे."

मग बाई उठल्या, काउंटरच्या मागे गेल्या आणि खुंटीवरून आपली किल्ली स्वतःच्या हाताने काढून घेतली. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी बाहेर येऊन चार शब्द तरी बोलले असते.

"माझं घर तुमच्या ताईंकडे तुमच्या नावावर गेलंय," त्या म्हणाल्या. "ते परत आणा. त्यांना खरं सांगा आणि मला कळवा. मग ही किल्ली मी इथे आणून लावीन."

त्या गेल्यावर मालकीणबाई यांना इतकंच म्हणाल्या की हे चार लोकांना कळलं तर ही फळी रिकामी होईल, आणि मग मला तुमचा काय उपयोग, तुम्हीच सांगा. त्यांचं काय चुकलं? माझंही मशीन त्याच फळीवर चालतं.

घरी आल्यावर मी तोंड सोडलं. दार लावून घेतलं आणि जे सुटले ते सुटलेच. लाज कशी वाटली नाही, लोकांच्या फ्रिजला टेकताना? हे ऐकून घेत होते, आणि ऐकून घेणाऱ्या माणसावर किती वेळ ओरडणार? शेवटी दम लागला, तेव्हा मी यांचा फोन हातात घेतला आणि बघत बसले. वरपासून खालपर्यंत. लोकांचे हॉल, लोकांच्या बाल्कन्या, लोकांची फुलझाडं. आणि बघता बघता माझ्या लक्षात आलं की त्या सगळ्या ढिगात आमच्या घराचा एकही फोटो नाही. एकही नाही. ही खोली नाही, ओटा नाही, पलंग नाही. आणि मी नाही. कुठेच नाही. लोकांची मांजरं होती, मी नव्हते.

तेव्हा मला रडू आलं. रागाने नाही. मला माझीच लाज वाटली, कारण यांना कशाची लाज वाटते ते मला फोनने दाखवलं होतं.

मग यांनी सांगितलं. ताई म्हणजे यांची मोठी बहीण, माझी नणंद. आई गेली तेव्हा हे फार लहान. ताईने स्वतःचं शिक्षण सोडून लोकांच्या इमारतींचे जिने पुसले आणि यांना वाढवलं. हे मोठे होतील, मोठ्या घरात राहतील, हे तिचं एकच पालुपद. आता ती लांब असते, गुडघ्यांनी जागची हलत नाही, आमचं हे घर तिने बघितलेलंच नाही. मुलीचा हा फोन हातात आला तेव्हा यांनी कौतुकाने एका कामाचा फोटो पाठवला. हे पडदा तपासायला बसलेले, समोर आरसा, त्यात हेही दिसत होते. ताईचा फोन आला, ती रडत होती. म्हणाली, "छोट्या, घर केलंस रे बाबा. बघितलं, आता मी मरायला मोकळी." अशा माणसाला तोंडावर कसं सांगायचं, की ताई, मी फक्त पडदा लावलाय? हे मूग गिळून बसले. मग पुढच्या वेळी तिने स्वयंपाकघर दाखव म्हटलं. मग बाल्कनी. मग म्हणाली, पुस्तकं आहेत का रे घरात, तुला वाचायची फार हौस होती. म्हणून ते पुस्तक. असं करत करत एका माणसाच्या अंगावर सगळ्या गावाची घरं जमा झाली.

मी म्हटलं, आता लावा फोन. हे म्हणाले, उद्या. मी म्हटलं, उद्या नाही, आत्ता, माझ्यासमोर. खोलीत अजून उजेड होता. यांनी फोन स्पीकरवर ठेवून पलंगावर ठेवला आणि स्वतः अवजारांच्या पेटीवर बसले, दोन्ही हात गुडघ्यांत घालून. ताईने नेहमीसारखी सुरुवात केली, जेवलास का, खोकला कसा आहे. आणि मधेच यांनी सांगून टाकलं. सजवून नाही, माफीबिफी नाही. म्हणाले, "ताई, ती घरं माझी नाहीत. मी तिथे पडदे लावायला जातो. मी तुला फसवलं."

मला वाटलं फोन कट झाला. मी वाकून बघितलं तर चालू होता.

"म्हणून होय ते फडकं," ताई म्हणाली.

हे म्हणाले, कुठलं फडकं?

"तू बसलेला असलास की दर फोटोत तुझ्याखाली पांढरं फडकं असतं. मला वाटायचं, आपल्याच घरात हा एवढा सांभाळून, कडेकडेला का बसतो? मी इकडे सगळ्यांना सांगायची, भावाला टापटीप फार." तिचा आवाज बदलला होता, पण रागाचा नव्हता, रागाचा असता तर बरं झालं असतं. "मी या इमारतीतल्या एकेकीला बोलावून दाखवले रे ते फोटो. आता तोंड कसं दाखवू त्यांना?"

यांनी मान खाली घातली ती घातलीच. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, ताई, मी बोलतेय, म्हणून, पण तिने मला बोलू दिलं नाही. तिला यांनाच विचारायचं होतं.

"मग छोट्या, तुझ्या घरात तू कुठे बसतोस?"

मी यांच्याकडे बघितलं. पेटीवर बसले होते. रोजच बसतात. घरात एक पलंग आणि एक खुर्ची, खुर्चीवर माझी दुकानातून आणलेली शिलाई असते, पलंगावर मी. बावीस-पंचवीस वर्षं मी या माणसाला त्या पत्र्याच्या पेटीवर बसून जेवताना बघतेय आणि माझ्या कधी मनातसुद्धा आलं नाही की याला खुर्ची लागत असेल.

"तिथला फोटो पाठव," ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

पुढचं सांगते, लायब्ररीवाल्या बाईंची किल्ली परत आली. हे त्यांच्याकडे गेले, सगळं सांगितलं, ताईने काय विचारलं तेही. बाई शब्दाला जागल्या, स्वतः येऊन खुंटीवर किल्ली लावून गेल्या. मालकीणबाईंनी टीव्हीवरचे फोटो स्वतः एकेक निवडले आणि तो विषय पुन्हा काढला नाही. हे आता पडदा लावला की बसत नाहीत. गुडघ्यांवर बसून बघतात, खुर्चीच्या शेजारी, खुर्चीच्या उंचीवर डोळे आणून. फडकं पिशवीतच असतं, मी धुते अजून. हे सगळं झालं, निस्तरलं. पण माझ्या डोक्यातून त्या संध्याकाळचा फोटो जात नाही.

फोन ठेवल्यावर यांना सुचेचना. मी ताडकन उठले. मी म्हटलं, ताईने सांगितलंय ना, मग काढू या, अगदी आहे तसा काढू या, आता लपवाछपवी पुरे. फार तोऱ्यात म्हटलं मी. खुर्चीवरची शिलाई उचलून पलंगावर टाकली, यांना खुर्चीत बसवलं, फडक्याशिवाय. फोन खिडकीच्या कट्ट्याला टेकवून ठेवायचा तर चादर मधे येईल, म्हणून तो समोर ओट्यावर डब्याला टेकवून लावला, म्हणजे मागे आमची खिडकी येईल, चादरीसकट. यांनी फोटो थोड्या वेळाने आपोआप निघेल असं बटण लावून दिलं आणि खुर्चीत जाऊन बसले. कडेला नाही, नीट पाठ टेकून. मला म्हणाले, तूही ये. मी जाऊन शेजारी उभी राहिले. मान ताठ. फोनचा दिवा लुकलुकायला लागला.

आणि मला दिसलं की माझ्या पायाशी बादली आहे. छत गळतं तिथे ठेवलेली, कडा मोडकी, आत गढूळ पाणी. नेमकी मधोमध येणार. मी काही विचार केला नाही. वरून हसरा चेहरा तसाच ठेवला आणि पायाने बादली हळूच सरकवली, पलंगाच्या आड, फोनला दिसणार नाही अशी.

पाणी हिंदकळल्याचा आवाज झाला. यांनी मान वळवून आधी बादलीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तेवढ्यात फोटो निघाला. तोच गेला ताईला. त्यात हे समोर बघतच नाहीयेत, माझ्याकडे बघतायत, आणि मी हसतेय.